महापुरानंतरची मदत : समज आणि वस्तुस्थिती

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५७ फुटांवर गेले, तेव्हा उभ्या महाराष्ट्रातून साहाय्याचा जो ओघ सांगली-कोल्हापूरकडे लोटला, त्यामागील औदार्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जितके साहित्य अधिक तितके पुनर्वसन सुकर, ही त्यामागची समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. मदतीचा ट्रक सहसा डांबरी रस्ता धड असतो तिथवरच जातो; त्यामुळे हमरस्त्यालगतच्या गावी जुन्या कपड्यांचे ढीग नि बिस्किटांचे पुडे मुबलक साचत असता, आडबाजूच्या वस्तीत खराटे, फावडी, फिनेल आणि पिण्याचे पाणी यांची वानवा राहते. यावरचा उपाय निव्वळ दफ्तरी आहे, म्हणूनच बहुधा तो कोणास आकर्षक वाटत नाही : चावडीत एकच वही असावी, तीत गल्लीवार कुटुंबे लिहावीत, कोणास काय पोचले नि काय हवे याची नोंद रोज सायंकाळी व्हावी, आणि ती पाहिल्यावाचून बाहेरच्या कोणत्याही मंडळाने आपला ट्रक रिकामा करू नये. (वही सांभाळणारा गावातलाच असावा, पुढारी नसला तर अधिक बरे.)

तलाठ्याने पंचनामा करीपर्यंत घरातल्या चिखलाला हात लावू नये, असे मानून कित्येक कुटुंबे कुजत्या धान्याशेजारी दिवस काढतात. वास्तविक भिंतीवरची पाण्याची खूण, पडझड आणि भिजलेले सामान यांची छायाचित्रे घ्यावीत, शेजाऱ्यांस साक्षी ठेवावे, तलाठ्यास वर्दी द्यावी आणि घर धुवायला काढावे. साथीचे मूळ मृतदेहांत असते, हाही असाच एक ग्रह. खरा धोका दूषित पेयजलाचा आणि उंदीर-गुरांच्या मूत्राने बाधित चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा.

सर्वांत चिवट समज असा की, सानुग्रह अनुदान हाती पडले की कार्य सिद्धीस गेले. त्या वर्षी ते ग्रामीण कुटुंबास १० हजार आणि शहरी कुटुंबास १५ हजार रुपये होते. शिरोळ तालुक्यातल्या उसाचे पाहा : पोंग्यात गाळ बसला की शेंडा मरतो, कांडीवरच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, आणि लांबून हिरवागार दिसणारा फड वजनात किती घटला हे तोडणीलाच कळते. चावडीतली वही गळीत हंगामापर्यंत चालू ठेवावी लागते ती याचसाठी. कारण सोसायटीचे पीककर्ज फेडायचे असते ते नेमके त्याच उसाच्या बिलातून.