कॅरिअरचा बोल्ट मोडला तर ड्रिलची घाई नको

आम्ही कापडाचे व्यापारी. पाना-पकडीशी आमचा संबंध तसा कमीच. परंतु मालेगावात आमचे तागे सायकलवरूनच या दुकानातून त्या दुकानात जातात, म्हणून हा विषय आमच्या बांधवांपुढे मांडावासा वाटला.

गेल्या पावसाळ्यात माल पोहोचविणाऱ्या मुलाच्या सायकलचे कॅरिअर एका अंगाला बसले. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो, तिथे फ्रेमला आटे पाडलेले एक छोटे भोक असते. त्यातला पाच मिलिमीटरचा बोल्ट मोडला होता. डोके पडले, अंग आतच राहिले. सायकल मुलाची स्वतःची आणि मजुरी फेरीवर. सायकल उभी तर रोजीही उभी!

पहिल्या दुकानदाराने पंचाची खूण न करताच ड्रिल लावले. ते घसरले आणि भोक तिरपे पडले. मग त्यात ईझी-आउट घालून जोर केला, तर तेही आतच मोडले. हे हत्यार कडक पोलादाचे असते, साधे ड्रिल त्याला खात नाही. “फ्रेम बदला,” एवढे सांगून त्याने हात झटकले.

आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग मिस्त्री लूमचे सुटे भाग दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाहिले, की भोक आरपार आहे. ईझी-आउटचे निमुळते टोक आतल्या बाजूला असते, म्हणून त्यांनी मागून बारीक पंच लावून हलके ठोके मारले. तुकडा सुटला. आटे मात्र एका बाजूने गेले होते. कानाला धातू पुरेसा होता, म्हणून पाच मिलिमीटरचे भोक करून सहाचा टॅप फिरवला आणि कॅरिअरचे भोकही तेवढे मोठे केले.

मग त्यांनी आम्हाला जे सांगितले ते खरे कामाचे. डोके मोडले की बोल्टवरचा ताण जातो. गंज नसेल तर आतला तुकडा पुष्कळदा सैलच असतो. आधी तेल सोडावे, रात्रभर थांबावे. टोक बाहेर असेल तर पकडीने धरून फिरवावे. नसेल तर टोकदार पंच कडेला टेकवून सुटण्याच्या दिशेने हळूहळू ठोकावे. थोडेसे वर आले असेल तर हॅक्सॉ ब्लेडने खाच पाडून पेचकस लावावा. इतके करूनही हलेना, तर बरोबर मध्यभागी पंच मारून उलट्या दिशेने कापणारे ड्रिल लावावे. भोक पडता पडता तुकडा कधी कधी आपणच बाहेर येतो. अगदी शेवटी ४.२ मिलिमीटरचे ड्रिल आणि पाचचा टॅप. ईझी-आउट एवढ्या बारीक बोल्टात ते घालतच नाहीत.

बोल्ट मोडला का, तर तो सैल झाला होता. आवळलेला असेपर्यंत ओझे दोन पत्र्यांच्या घट्ट पकडीवर असते. सैल झाला की प्रत्येक खड्ड्यात धक्का बोल्टच्याच अंगावर येतो. दुसऱ्या बाजूचा बोल्टही बोटांनी फिरत होता.

मिस्त्रींनी मजुरी सांगितली तेव्हा मुलगा म्हणाला, “चाचा, बोल्ट तर पाच रुपयांचा!” आम्ही त्याला गप्प केले. ताग्याच्या भावात घासाघीस करणारे आम्ही, त्या दिवशी सांगितले तेवढे मोजून दिले. आता दोन्ही बाजूंना स्प्रिंग वॉशर आहेत आणि सुटीच्या दिवशी मुलगा आमच्याच ओट्यावर बसून पाना फिरवतो.