पायमोज्यांची निवड आणि धाग्याची जाडी

पाश्चात्त्य स्त्रीचा झगा पुष्कळदा गुडघ्याच्या आसपास संपतो आणि तेथून खालचा पाय लांब, तलम पायमोज्याने आच्छादिला जातो. साडी घोट्यापर्यंत पोहोचत असल्याने आपल्याकडे हा प्रश्न क्वचितच पडतो. कोणत्या पोशाखाबरोबर कोणता मोजा घालावा, ही बाब वरवर पाहता निव्वळ हौसेची वाटते. परंतु तिच्या मुळाशी धाग्याची जाडी आणि प्रकाशाचे वर्तन ह्या दोन गोष्टी आहेत.

धाग्याची जाडी 'डेनिअर' ह्या मापात सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनिअर. म्हणजे १५ डेनिअरचा एवढा लांब धागा अवघा १५ ग्रॅम भरतो! असला मोजा सायंकाळच्या रेशमी झग्याबरोबर शोभतो. दिवसभराच्या कामाला ३० डेनिअर बरा. आणि जाड लोकरी स्कर्टबरोबर, विशेषतः हिवाळ्यात, ६० किंवा त्याहून अधिक डेनिअरचा, त्वचा झाकून टाकणारा मोजाच शोभतो. जाड कापडाखाली अतितलम मोजा उघडा व उपरा वाटतो.

तलम मोज्याने पाय सडपातळ दिसतो, हा समज खोटा नव्हे. पायाच्या मध्यभागी आपली दृष्टी विणीतून सरळ आरपार जाते व त्वचा दिसते. कडेला तीच दृष्टी तिरपी पडते, तिच्या वाटेत अधिक धागे येतात आणि कडा गडद भासते. त्वचेचा रंग असा आरपार दिसत असल्यामुळे मोज्याची छटा दुकानातील घडीवरून कळत नाही. मोजा हातावर चढवून पाहावा, आणि तोही दाराशी, दिवसाच्या उजेडात. कारण दिव्याच्या पिवळसर प्रकाशात सारख्या दिसणाऱ्या दोन छटा उन्हात वेगळ्या ठरू शकतात.

असा तलम मोजा पूर्वी रेशमाचा असे. वॉलेस कॅरदर्स ह्या अमेरिकन रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत १९३५ साली नायलॉन सिद्ध झाले आणि १५ मे १९४० रोजी त्याचे मोजे अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आले. पुढे १९४२ मध्ये हे नायलॉन हवाई छत्र्यांकडे वळले. तेव्हा कित्येक स्त्रियांनी उघड्या पोटरीवर पेन्सिलीने मोज्याच्या शिवणीची रेघ ओढून वेळ निभावली. युद्धानंतर पिट्सबर्ग शहरात सुमारे १३,००० जोडांसाठी ४०,००० लोकांची रांग लागल्याचे वृत्त आहे.

मोज्याचा खरा शत्रू म्हणजे उसवण. विणलेल्या कापडात प्रत्येक फास शेजारच्या फासात अडकलेला असतो. एक तुटला की पुढचा निराधार होतो, आणि शिडीसारखी रेघ धावत सुटते. धागा जितका बारीक, तितका तो नखाच्या वा अंगठीच्या ओरखड्याने लवकर तुटतो. म्हणून मोजा चढवताना अंगठ्या काढाव्यात, तो पंजापर्यंत गोळा करून हलकेच वर सरकवावा, आणि कोमट पाण्यात हातानेच धुवावा. उसवण दिसताच तिच्या टोकाला नखांच्या रंगहीन पॉलिशचा ठिपका लावला, तर फास चिकटून ती थांबते. सुट्या मोज्यांचे एकाच छटेचे दोन जोड घ्यावेत. दोहोंतील एकेक फाटला, तरी उरलेल्या दोहोंचा एक जोड होतो.