ट्रक नेमका कुठे असतो?

कोरचीकडून कुरखेड्याला येताना बेडगावचा घाट लागतो. दोन्ही बाजूंना जंगल, मध्ये वळणं आणि छत्तीसगडकडून माल भरून येणाऱ्या गाड्या. समजा, अशाच एखाद्या उतारावर एका जुन्या ट्रकचे ब्रेक ऐन वेळी लागले नाहीत. वळण हुकलं, गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. ड्रायव्हर आणि क्लीनर लंगडत का होईना, पण आपल्या पायांनी बाहेर आले. बातमी कळताच मालक धावत आला. आधी त्याने दोघांना चाचपून पाहिलं, मग चेपलेल्या बॉनेटवर हात ठेवला आणि सोबत आलेल्या मिस्त्रीला विचारलं, "होईल ना पुन्हा उभी?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की माणूस थक्क होतो. त्यासाठी उष्णतेचं गणित लागतं, पोलादाच्या पोटातल्या अणूंपर्यंत जावं लागतं आणि शेवटी कायद्याचं पुस्तकही उघडावं लागतं.

मालकाचा जीव त्या गाडीत का अडकलेला असतो, ते आधी पाहू. गडचिरोली जिल्ह्यात बराच काळ रेल्वेचं स्थानक एकच होतं, ते म्हणजे वडसा. कुरखेडा, कोरची, धानोरा या भागातला धान, बांबू, तेंदूपत्ता बाहेर न्यायचा तर ट्रकला पर्याय नव्हता. टेल्को या भारतीय कंपनीने १९५४ साली डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. करार १५ वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, तरी त्या घडणीच्या, पुढे लांब नाक असलेल्या गाड्या पुढची कित्येक वर्षं खेड्यापाड्यांतून धावत राहिल्या. त्या काळी कारखान्यातून यायची ती बहुतेक वेळा नुसती चासी. इंजिन, चाकं आणि पुढचा दर्शनी पत्रा, एवढंच. केबिन आणि मागचा सांगाडा गावाजवळचे सुतार-लोहार लाकूड आणि पत्रा वापरून बांधत. मग रंगारी नाव घालायचा, वेलबुट्टी काढायचा. म्हणून एकाच कारखान्यातून निघालेले दोन ट्रक कधी सारखे दिसले नाहीत.

आता घाटाकडे वळू. माल धरून १६ टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असेल, तर तिच्या अंगात सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा असते. आकड्यावरून काही कळत नसेल तर असं पाहा: तोच भरलेला ट्रक उचलून चार मजली इमारतीच्या गच्चीवर, म्हणजे १४ मीटर उंच ठेवायला एवढीच ऊर्जा लागते. ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. एकदा गाडी थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात साडेसात लिटर पाणी उकळीला येईल. सपाट रस्त्यावर ब्रेकचे ड्रम हे सहज सोसतात, मधल्या वेळात वाऱ्याने निवतात.

उतारावर मात्र हिशेब फिरतो. गाडी १०० मीटर खाली उतरली, तर वेग जराही न वाढू देता ब्रेकला १५७ लाख ज्यूल गिळावे लागतात. ही उष्णता पन्नास लिटरहून अधिक पाणी उकळीला आणेल, आणि तिला निवायला उसंत नसते. लोखंडाचा ड्रम तापला की फुगतो, त्याचा घेर वाढतो आणि आतल्या ब्रेक शूला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर सरकावं लागतं. शूवरच्या तापलेल्या लायनरची पकडही ढिली पडते. ड्रायव्हर पूर्ण जोराने पाय दाबतो आणि गाडी जुमानत नाही. जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिला धडा देतात तो याच कारणाने: ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना मागे ओढतं आणि ब्रेकचा भार हलका होतो.

आता धडक. त्या क्षणी २२ लाख ज्यूलना कुठेतरी जायचंच असतं. इथे त्या लांब नाकाचं मोल कळतं. ताशी ६० च्या वेगातला माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या २८ पट भार येतो. सत्तर किलोच्या माणसासाठी तो जवळजवळ दोन टन झाला. गाडीचं नाक चेपत चेपत एक मीटर आत गेलं आणि माणूस त्या पूर्ण अंतरात थांबला, तर हाच भार निम्म्यावर येतो. समोरचं लोखंड जितकं निवांत चुरगळेल तितका मागचा माणूस वाचतो. बेला बारेन्यी या अभियंत्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीझसाठी या कल्पनेचं पेटंट मिळवलं आणि १९५९ पासून त्यांच्या मोटारी मुद्दाम चुरगळेल अशा नाकाने बनू लागल्या. आपल्या जुन्या ट्रकचं नाक त्या हिशेबाने घडवलेलं नव्हतं, पण ड्रायव्हर आणि झाड यांच्यामध्ये ते होतं आणि वाकण्याचं काम त्यानेही केलं.

वाकण्याने ऊर्जा कशी संपते, हे घरी करून पाहता येतं. लोखंडी तारेचा वीतभर तुकडा घ्या आणि एकाच जागी भराभर दहा वेळा मागेपुढे वाकवा. मग तो वाक ओठांना हळूच लावून पाहा. चटका बसतो! तुमच्या बोटांचा जोर तिथे उष्णता होऊन बसलेला असतो. आता दुसरी तार एकदाच वाकवा आणि सरळ करायचा प्रयत्न करा. ती जुन्या वाकापाशी सरळ होत नाही, त्याच्या शेजारी नवा वाक घेते. जिथे एकदा वाकली तिथे ती अधिक कडक झालेली असते.

हे का होतं, याचं उत्तर १९३४ साली जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. मोठी सतरंजी पूर्ण ओढत नेणं जड जातं, पण तिला एका कडेला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे पुढे ढकलली की सतरंजी अलगद सरकते. धातूतल्या अणूंच्या रांगांमध्येही अशा सुरकुत्या असतात. लोखंड वाकतं तेव्हा त्या सरकतात, नव्या तयार होतात आणि शेवटी एकमेकींत अडकून बसतात. अडकल्या की धातू कडक होतो, आणि आणखी ताणला की तडकतो. म्हणजे धडकेची आठवण पोलादाच्या आत राहते. बाहेरून ठोकून सरळ केलं तरी ती जात नाही.

हीच गोष्ट मिस्त्री पाहत असतो. त्याची नजर बॉनेटवर नसते. पत्रा बदलतो, काच बदलते, इंजिनसुद्धा उतरवून दुसरं बसवता येतं. तो गाडीखाली सरकतो आणि चासी बघतो: दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे, जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच म्हणा. या शिडीचे बरेच सांधे वेल्डिंगने न जोडता रिबिटांनी जोडलेले असतात. जंगलातल्या खड्ड्यांवरून जाताना एक चाक वर, एक खाली असतं आणि सगळी शिडी पिळली जाते. ती पिळता यावी, पण सांध्यापाशी तडकू नये, यासाठी ही सोय.

चासी सरळ आहे की नाही, हे बघायची रीत फार देखणी आहे. दोन्ही तुळयांवरच्या जोडीजोडीच्या खुणांवरून ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे जमिनीवर खडूची फुली मारायची. मग गाडी बाजूला घेऊन फुल्यांमधले कर्ण दोरीने मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे भरले तर शिडी काटकोनात आहे. एक कर्ण लांब भरला तर शिडी तिरकी झाली आहे. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो. थोडा फरक असेल, तर चांगली यंत्रं असलेल्या कारखान्यात तो काढता येतो. पण तुळईला तीव्र वाक आला असेल, बारीक तडा दिसत असेल, तर गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकणं घातक ठरतं. कारखान्यात ताप देऊन पोलादाला मजबुती आणलेली असेल, तर ती अशा तापाने निघून जाते.

आणि इथेच कायदा मिस्त्रीशी सहमत होतो. ट्रकची ओळख नंबरप्लेटवर किंवा दारावर रंगवलेल्या नावात नसते, ती चासीवर ठोकलेल्या नंबरात असते. बाकी सारं बदललं तरी कागदोपत्री गाडी तीच राहते, पण चासी गेली की गाडी गेली. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. गाडी कायमची निकामी झाली, तर मोटार वाहन कायद्याच्या ५५व्या कलमानुसार मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे नोंदणी रद्द होते. हे टाळलं, तर त्या नंबराचा गैरवापर होण्याची वाट उघडी राहते.

म्हणून असा प्रसंग आलाच, तर क्रम लक्षात ठेवा. आधी माणसं: १०८ ला फोन करा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरून मागे राहू नका. मग पोलिसांना खबर आणि पंचनामा, त्यानंतर विमा कंपनीला कळवणं. सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी ती खोलू नका. जागेवरचे फोटो काढून ठेवा.

आणि मन घट्ट करायला एक गोष्ट सांगतो. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे, ती अडीच हजार वर्षांहून जुनी. तेव्हापासून विदर्भाचा माणूस लोखंड गाळतो आहे. पोलाद वितळलं की धडकेने पाडलेल्या त्या अडकलेल्या सुरकुत्या सगळ्या विरून जातात आणि धातू पुन्हा कोरा होतो. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगाराचं पोलाद वितळून घरांच्या सळ्या होतात. मोडलेला ट्रक असाच कुणाच्या तरी छपराला आधार देऊ शकतो.

दारावरची नावाची पाटी हवी तर काढून घ्या, घरात लावा. पण तडकलेली चासी ठोकून, रंगवून पुन्हा घाटात उतरवू नका. तिने एकदा दोन माणसं घरी पोचवली आहेत. दुसऱ्यांदा ते काम तिच्याच्याने होणार नाही.