उपासनेंतील कला आणि तरुण पिढी

तरुण मुलें उपासनेपासून दूर चाललीं आहेत, अशी तक्रार ख्रिस्ती कुटुंबांत वारंवार ऐकूं येते. त्यावर सुचविला जाणारा एक उपाय म्हणजे उपासनेंत संगीत, नाट्य, चित्र इत्यादि कलांस अधिक वाव देणें. हा उपाय कोणत्या अटीवर फलद्रूप होतो, हें पाहण्यास आपल्या मराठी भाषेचाच इतिहास पुरेसा आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ सालीं गोव्यास आले. तेथील नवख्रिस्ती लोकांच्या कानांवर लहानपणापासून पुराणें पडलेलीं होतीं. धर्मांतरानंतर तें श्रवणसुख त्यांस अंतरलें. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनीं बायबलांतील कथा मराठी ओवींत गुंफली. सुमारें अकरा हजार ओव्यांचें हें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. कथा नवी, परंतु तिची चाल लोकांच्या ओळखीची होती.

कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळीं मराठी मंडळ्यांत पुष्कळशीं गीतें इंग्रजीवरून भाषांतरित केलेलीं असत व विलायती चालींवर म्हटलीं जात. इंग्रजी पद्य आघातावर चालतें, तर मराठी पद्य अक्षरांवर व मात्रांवर. त्यामुळें मराठी शब्द परक्या चालींत बसवितांना भलत्याच अक्षरावर जोर पडतो, ऱ्हस्वाचें दीर्घ होतें आणि अर्थ कानांतून मनापर्यंत पोहोंचत नाहीं. टिळकांनीं अभंग व पदें रचून ही अडचण दूर केली.

अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचीही परंपरा वाढली. पूर्वरंगांत तत्त्वाचें निरूपण आणि उत्तररंगांत त्यास अनुरूप आख्यान, ही कीर्तनाची जुनी बांधणी. उधळ्या पुत्राचा दृष्टांत अशा आख्यानास किती साजेल, हें सांगावयास नकोच. येथें श्रोता केवळ श्रोता राहत नाहीं. तो टाळी धरतो, ध्रुपद उचलतो, आणि जें तोंडीं बसलें तें मनांतही उतरतें. पुढें रोमन कॅथॉलिक पंथानेंही १९६३ च्या उपासनाविषयक घटनेनें लोकभाषेस व त्या त्या देशाच्या संगीतास वाट मोकळी करून दिली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कला हें तरुणांस ओढून आणण्याचें आमिष नव्हे. केवळ करमणूक हवी असेल, तर ती बाहेर याहून सरस मिळते; तिच्या शर्यतींत मंदिर हरणारच. व्यासपीठावर चौघे गाणार आणि बाकीचे पाहणार, असें झालें कीं मंडळीचा प्रेक्षकवर्ग होतो, आणि प्रेक्षक केव्हांही उठून जातो.

नव्या वाद्यांनीं पावित्र्य भंगेल, ही वडील मंडळींची भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु आज आपण परंपरा म्हणून जपतों तीं पदेंही एके काळीं नवींच होतीं. टिळकांचें खरें अनुकरण त्यांचींच पदें म्हणत राहण्यांत नाहीं. आपल्या पिढीच्या कानास रुचेल अशी प्रार्थना रचण्यांत आहे. म्हणून नाताळचें नाट्य मुलांस नुसतें दाखवूं नये. तें त्यांस लिहूं द्यावें. स्तोत्रास चाल त्यांनींच लावावी; अर्थ बिघडत नाहीं ना, एवढें वडिलांनीं पाहावें. जी प्रार्थना मुलानें स्वतः घडविली, तिच्यापासून तें सहसा दूर जात नाहीं.