शेवटच्या पटासाठी

क्लबच्या अंतर्गत बुद्धिबळ स्पर्धेत पहिला कोण येणार, हे नोंदणीच्या दिवशीच बहुतेकांना ठाऊक असतं. गेल्या वर्षीचा विजेता, नाहीतर हात धुऊन त्याच्या मागे लागलेला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. तिसरं नाव क्वचितच पुढे येतं. तरीही २४ जण पैसे भरतात आणि सात रविवार मोकळे ठेवतात. आपल्या हाती करंडक लागणार नाही, हे त्यातल्या वीस-बावीस जणांना पक्कं माहीत असतं. त्यांना हवे असतात सात चुरशीचे डाव. घड्याळ लावून, चाली लिहून, समोर आपल्या तोडीचं कोणीतरी बसलेलं. मोबाइलवर रात्री दोन वाजताही प्रतिस्पर्धी मिळतो, पण डाव संपल्यावर ‘तो घोडा तिथे का नेलात?’ असं विचारायला तो समोर नसतो.

म्हणून अंतर्गत स्पर्धा नीट भरवली आहे का, हे बघायचं असेल तर पहिल्या पटाशी गर्दी करू नये, बाराव्या पटाकडे जावं. पाचव्या फेरीतही तिथे बँकेतून निवृत्त झालेले काका आणि सातवीतली मुलगी मान खाली घालून तासभर बसलेले असतील, तर स्पर्धा चांगली चालली आहे. तो पट रिकामा असेल, तर करंडक कितीही मोठा आणा, भरवणाऱ्याचा हिशेब चुकलेला आहे.

हा हिशेब पद्धत निवडण्यापासून सुरू होतो. बाद पद्धत क्लबात आणूच नये. पहिल्याच रविवारी निम्मे खेळाडू घरी जातात, आणि जातात तेच, ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज असते. साखळी पद्धत सगळ्यांत न्याय्य: प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, नशिबाची तक्रार नाही. पण २४ जणांच्या साखळीला २३ फेऱ्या आणि २७६ डाव लागतात. दर रविवारी एक फेरी धरली, तर गणपतीत सुरू झालेली स्पर्धा फेब्रुवारीच्या आसपास संपेल, आणि तोवर कोणाची बदली, कोणाची परीक्षा, कोणाच्या घरचं लग्न. दहा-बारा जणांपर्यंत मात्र साखळीसारखं दुसरं काही नाही. १२ जण, ११ फेऱ्या, ६६ डाव.

साखळीच्या जोड्या कशा लावायच्या, याचे तयार तक्ते आहेत आणि जगभर ते बर्गरच्या नावाने ओळखले जातात. योहान बर्गर हा ऑस्ट्रियातल्या ग्राझचा खेळाडू. त्याने १८९३मध्ये ते छापले. मुळात ते रिचर्ड शूरिगने १८८६ साली दिले होते आणि बर्गरने तसं सांगितलंही होतं. नाव मात्र बर्गरचंच चिकटलं. सहा जणांचा तक्ता कोणालाही तोंडपाठ करता येईल. पहिल्या फेरीत १-६, २-५, ३-४. दुसरीत ६-४, ५-३, १-२. जोडीतलं आधीचं नाव पांढऱ्या मोहऱ्यांचं. रंगांची आलटापालट तक्त्यातच बसवलेली असते, म्हणून संयोजकाने स्वतःचं डोकं चालवून जोड्या ‘सुधारू’ नयेत.

चोवीस जणांसाठी उपाय म्हणजे आपल्याकडच्या वृत्तपत्रांतून येणारी ‘स्विस लीग’. झुरिकला १८०९ सालापासून बुद्धिबळ संस्था आहे, आणि त्याच शहरात १८९५ साली युलियस म्युलर याने सुचवलेल्या या पद्धतीने पहिल्यांदा स्पर्धा खेळवली गेली. तत्त्व एका वाक्यात मावतं: समान गुण असलेल्यांनी एकमेकांशी खेळायचं, आणि तीच जोडी पुन्हा लावायची नाही. कोणीही बाद होत नाही.

ती प्रत्यक्षात कशी चालते ते बघा. २४ जणांना ताकदीप्रमाणे क्रमांक दिले. पहिल्या फेरीत वरची अर्धी यादी खालच्या अर्ध्या यादीशी खेळते: १-१३, २-१४, अशी १२-२४ पर्यंत. समजा, सगळे सामने अपेक्षेप्रमाणे झाले. दुसऱ्या फेरीत जिंकलेल्या बारा जणांत १-७, २-८. हरलेल्या बारांत १३-१९, १४-२० आणि शेवटी १८-२४. पुन्हा अपेक्षित निकाल लागले, तर शून्य गुणांवर उरतात १९ ते २४ क्रमांकाचे सहा जण, आणि तिसऱ्या फेरीत ते आपसांत खेळतात. म्हणजे यादीतल्या शेवटच्या माणसालाही तिसऱ्या रविवारी त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. वर त्याच वेळी दोन-दोन गुणांचे सहा जण एकमेकांना भिडलेले असतात. पाच फेऱ्यांनंतर सगळे डाव जिंकलेला जास्तीत जास्त एकच जण उरू शकतो. सहावी-सातवी फेरी खालच्या क्रमांकांना निवांतपणे जागेवर बसवते. सात फेऱ्यांत एकूण डाव ८४. साखळीच्या एकतृतीयांशाहूनही कमी.

खाचाखोचा रंगांत असतात. एकाच खेळाडूला लागोपाठ तीनदा तोच रंग मिळू नये, पांढऱ्या-काळ्यांतला फरक दोनाहून जास्त होऊ नये, गुणगटात विषम संख्या असेल तर एकाला खालच्या गटात उतरवावं. पूर्वी हे सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालायचं: प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर प्रतिस्पर्धी, रंग आणि गुण, आणि टेबलावर ती कार्डं मांडून डोकं खाजवणारे पंच. आता संगणक क्षणात जोड्या लावतो. तरीही नव्या संयोजकाने एकदा तरी आठ जणांची स्पर्धा कार्डांवर चालवावी, असं माझं मत आहे. ‘मला पुन्हा काळी का?’ या प्रश्नाला ‘संगणकाने दिली’ हे उत्तर क्लबात शोभत नाही.

स्विस पद्धतीत एक खोट आहे, आणि ती नेमकी शेवटच्या पटालाच जाचते. पहिल्या फेरीतले सामने विषम असतात. बाराशे रेटिंगच्या माणसाला अठराशेच्या समोर बसवलं, तर वीस चालींत आवरतं. क्लबात ताकदीचं अंतर फार असेल, तर सरळ दोन गट करावेत, ‘अ’ आणि ‘ब’, आणि ‘ब’ गटाच्या विजेत्याला पुढच्या वर्षी ‘अ’मध्ये घ्यावं. ‘ब’ म्हटलं की काहींना कमीपणा वाटतो. तो दुसऱ्या फेरीपर्यंत टिकतो.

नेदरलँड्समधल्या क्लबांनी याहून सैल पद्धत रुळवली आहे: कायझर पद्धत. तिथे अंतर्गत स्पर्धा मोसमभर चालते, दर आठवड्याच्या क्लबसंध्येला एक फेरी. जो आला त्याची जोडी लागते, न आलेल्याचं फारसं बिघडत नाही. क्रमवारीत वर असलेल्याला हरवलं तर जास्त गुण, खालच्याला हरवलं तर कमी, आणि दर फेरीनंतर सगळ्यांचा हिशेब नव्याने. क्रमवारीतल्या शेजाऱ्यांच्याच जोड्या लागत असल्यामुळे काही आठवड्यांनी तोच प्रतिस्पर्धी पुन्हा समोर येऊ शकतो. गणिती शुद्धतेच्या भक्तांना ही पद्धत रुचत नाही. पण आपल्याकडच्या क्लबांची खरी अडचण गणिताची नाहीच, हजेरीची आहे. लग्नसराई, दहावीचे क्लासेस, पाऊस, आयपीएलचा अंतिम सामना. त्यापुढे कोणतीही जोडी-प्रणाली हतबल होते.

हजेरीवर औषध आहे, ते नियमपत्रकात आधीच लिहायला हवं. ज्याला एखाद्या रविवारी जमणार नाही, त्याने शुक्रवारपर्यंत कळवावं आणि अर्धा गुण घ्यावा. अशी सवलत एकदाच किंवा फार तर दोनदा, आणि शेवटच्या फेरीत अजिबात नाही. न सांगता गैरहजर राहिला तर शून्य, आणि दुसऱ्यांदा तसंच केलं तर नाव कमी. हे कठोर वाटतं, पण त्या रविवारी कोणीतरी दोन बस बदलून आलेला असतो आणि रिकाम्या खुर्चीसमोर घड्याळ चालू करून बसतो. एक गुण मिळतो. डाव मिळत नाही. संख्या विषम झाली की उरलेल्याला ‘पुढे चाल’ देतात, तेव्हाही तेच. चांगल्या क्लबात अशा वेळी संयोजक स्वतः मोहरी मांडून समोर बसतो. त्याचं नाव बक्षिसांच्या यादीत नसतं, पण आलेला माणूस खेळल्याशिवाय परत जात नाही.

घड्याळाचा प्रश्न हॉलच्या किल्लीशी बांधलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विचाराला मर्यादाच नव्हती. १८६१ साली आंडरसन आणि कोलिश वाळूची घड्याळं घेऊन खेळले, आणि १८८३च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळ आलं. एकाचं चालू झालं की दुसऱ्याचं बंद, ही युक्ती मँचेस्टर क्लबच्या थॉमस ब्राइट विल्सनची. चालीगणिक काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशरला १९८९मध्ये मिळालं आणि १९९२च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते वापरलं गेलं. ९० मिनिटं आणि चालीला ३० सेकंद ही वेळ दिली, तर साठ चालींच्या डावात प्रत्येकाचे दोन तास, मिळून चार. शाळेचा वर्ग सहा वाजता मिळाला असेल, तर दहाला शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे राहणार. २५ मिनिटं आणि दहा सेकंद ठेवले, तर असाच डाव सत्तर मिनिटांत संपतो आणि एका दुपारी तीन फेऱ्या होतात. माझा कल मात्र दर आठवड्याला एकाच संथ डावाकडे आहे. घाईचे डाव मोबाइलवर रोज होतातच.

पंचगिरी हे बिनमोबदल्याचं आणि बहुधा बिनआभाराचं काम. नियम सोपा: हात लावलेलं मोहरं हलवायचं, नुसतं घरात नीट ठेवायचं असेल तर आधी ‘नीट करतो’ म्हणायचं. पारावर खेळत वाढलेल्या पिढीला चाल परत घेण्याची सवय असते. ‘अहो, हात लागला हो नुसता!’ यावर त्याच क्षणी, हसून पण ठाम निर्णय द्यावा लागतो. नियमबाह्य चाल झाली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा, पुन्हा झाली तर डाव गेला. बघ्यांनी तोंड उघडायचं नाही, आणि पालकांनी दाराबाहेर बसायचं. यातला शेवटचा नियम पाळून घेणं सगळ्यांत कठीण. संयोजक स्वतः खेळत असेल, तर त्याच्या पटावरचा वाद सोडवायला दुसरा माणूस पहिल्या दिवशीच नेमावा.

शेवटच्या रविवारी मजा येते. दोघांचे साडेपाच गुण झाले तर करंडक कोणाला? जर्मनीच्या ब्रुनो बुखोल्झ याने १९३२मध्ये सुचवलं की दोघांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज करावी. ज्याचे प्रतिस्पर्धी सरस ठरले, तो पुढे. या बेरजेतून सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळण्याचीही रीत आहे. परिणाम असा, की आपला डाव लवकर संपवलेला दावेदार थेट नवव्या पटामागे जाऊन उभा राहतो. पहिल्या फेरीत त्याने ज्या काकांना हरवलं होतं, ते तिथे अर्ध्या गुणासाठी हत्ती-प्याद्यांचा अंत्यडाव लढवत असतात, आणि त्यांच्या त्या अर्ध्या गुणावर याचा करंडक अडकलेला असतो. काकांना याचा पत्ताही नसतो. खालचे पट नीट खेळवायला हवेत, याचं याहून रोखठोक कारण मला सापडलेलं नाही.

क्लबने स्वतःची रेटिंगची वही ठेवली, तर खालच्या पटांना दुसरं बळ मिळतं. रेटिंगचं सूत्र मिल्वॉकीचे प्राध्यापक आर्पाद एलो यांचं. जागतिक संघटनेने ते १९७०मध्ये स्वीकारलं. एलो स्वतः विस्कॉन्सिन राज्याचे अनेकदा विजेते होते, म्हणजे असल्या स्पर्धांत मुरलेले. १४००च्या खेळाडूने १६००वाल्याशी खेळावं: जिंकला तर सुमारे १५ गुण वाढतात, बरोबरी केली तरी ५ वाढतात, हरला तर ५ जातात. विसाव्या क्रमांकाचा माणूस करंडक जिंकत नाही, पण वर्षात साठ गुणांनी वर सरकला हे वहीत दिसतं. पुढच्या वर्षीच्या नोंदणीला तो सगळ्यांत आधी येतो.

हे सगळं दीर्घकाळ करत राहिलं की काय होतं, ते सांगलीत बघावं. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, आणि सांगलीच्या उन्हाळी सुट्टीचा बुद्धिबळाशी संबंध जोडून टाकला. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या पद्मश्री भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीच्या, स्वाती घाटेही सांगलीच्या. महानगर नसलेल्या गावातून असे खेळाडू योगायोगाने येत नाहीत. कोणीतरी वर्षानुवर्षं सतरंज्या घातलेल्या असतात, मोहरी मोजून डब्यात भरलेली असतात.

२०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर बुद्धिबळाचा क्लास शोधणारे आईबाप पुष्कळ भेटतात. क्लास जरूर लावा. पण शिकलेलं वापरायला मुलांना दर आठवड्याला एक गंभीर डाव लागतो, आणि तो अंतर्गत स्पर्धेइतका स्वस्तात कुठेच मिळत नाही. तुमच्या सोसायटीत, वाचनालयात किंवा शाळेत खेळणारे आठ जण असतील, तर वाट कसली बघता? बर्गरचा आठ जणांचा तक्ता भिंतीवर लावा, चार पट मांडा, चार घड्याळं ठेवा. सात रविवार, २८ डाव.