म्हाडाची सोडत: नशिबाचं नंतर बघू, आधी कागद बघा

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वर्गातली दोन-चार मुलं कमी झालेली दिसतात. चौकशी केली की एकच उत्तर मिळतं, "सर, त्यांनी घर बदललं." अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडं वाढवतो, डिपॉझिट जास्त मागतो आणि घरातलं सामान टेम्पोत चढतं. त्यात आपल्या आडनावाला घर मिळणं किती कठीण आहे, हे कुणाला सांगायला नको. फोनवर सगळं ठरतं, नाव सांगितलं की "मालक गावाला गेलेत" असं ऐकायला मिळतं.

म्हणून पालक मला नेहमी विचारतात, "सर, सरकारचं स्वस्त भाड्याचं घर मिळतं का? त्याचा फॉर्म कुठे भरायचा?"

भाड्याचं की मालकीचं?

एका काळी सरकार खरोखर भाड्याने घरं देत असे. हाउसिंग बोर्डाने स्वातंत्र्यानंतर मुंबईत ज्या वसाहती बांधल्या, त्यातली बरीच घरं आधी भाड्याची होती आणि पुढे तिथे सोसायट्या होऊन ती रहिवाशांच्या मालकीची झाली. 2008 मध्ये एमएमआरडीएने 160 चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली, पण तिचंही स्वरूप नंतर बदललं. केंद्र सरकारची परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना 2020 मध्ये आली, ती मुख्यतः स्थलांतरित कामगारांसाठी होती. आज महाराष्ट्रातल्या साध्या कुटुंबाला सरकारी घरासाठी रांगेत उभं राहायचं असेल, तर मुख्य दरवाजा एकच आहे: म्हाडाची सोडत. हे घर भाड्याचं नाही, मालकीचं असतं आणि त्याची किंमत त्या भागातल्या बाजारभावापेक्षा साधारणपणे कमी असते.

म्हाडाचं काम विभागीय मंडळांतून चालतं: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावती. ठाणे, कल्याण, वसई-विरार हा पट्टा कोकण मंडळात येतो. प्रत्येक मंडळ आपली जाहिरात वेगळी काढतं. म्हणून "म्हाडाचा फॉर्म कधी निघणार?" असं न विचारता "आपल्या मंडळाची जाहिरात कधी निघणार?" असं विचारा.

सोडतीत काय बघतात, काय बघत नाहीत

सोडत संगणकावर काढली जाते. पात्रतेच्या अटी मोजक्या आहेत. वय 18 पूर्ण असावं. अर्जाच्या आधीच्या 20 वर्षांत महाराष्ट्रात सलग 15 वर्षं वास्तव्य असावं. ज्या शहरात घर हवं, तिथे अर्जदार, पती किंवा पत्नी, किंवा अज्ञान मुलं यांच्या नावावर पक्कं घर वा भूखंड नसावा. प्रधानमंत्री आवास योजनेतलं घर असेल तर ही अट आणखी कडक होते: देशात कुठेही पक्कं घर नको. आणि उत्पन्न ठरलेल्या गटात बसावं.

या यादीत धर्म नाही, आडनाव नाही, "तुमच्याकडे मांस शिजतं का" हा प्रश्न नाही. भाड्याच्या घराच्या दारात जे ऐकावं लागतं, ते या रांगेत ऐकावं लागत नाही. तरीही आपल्या मोहल्ल्यांतून अर्ज कमी जातात. गेले तरी त्यातले काही कागदावर अडकतात. ही अडचण मात्र आपल्या हातातली आहे.

उत्पन्नाचा गट कसा काढायचा

नवरा आणि बायको या दोघांचं वर्षाचं उत्पन्न एकत्र धरतात. आई-वडील, भाऊ यांचं धरत नाहीत. जाहिरातीत दिलेल्या आर्थिक वर्षाचं, म्हणजे एप्रिल ते मार्चचं उत्पन्न दाखवायचं.

2022 मध्ये ठरलेल्या मर्यादा अशा आहेत. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेश आणि 10 लाखांवर लोकसंख्येची शहरं इथे वर्षाला 6 लाखांपर्यंत अत्यल्प गट, 9 लाखांपर्यंत अल्प गट, 12 लाखांपर्यंत मध्यम गट आणि त्यावर उच्च गट. बाकीच्या महाराष्ट्रात अत्यल्प गट 4 लाख 50 हजारांपर्यंत, अल्प गट 7 लाख 50 हजारांपर्यंत आणि मध्यम गट 12 लाखांपर्यंत.

उदाहरण घेऊ. कुर्ल्यात रिक्षा चालवणारा नवरा महिन्याला 22,000 कमावतो आणि बायको शिलाईकामातून 8,000. दोघांचे मिळून 30,000, वर्षाचे 3 लाख 60 हजार. हे कुटुंब अत्यल्प गटात आलं. दुसऱ्या घरात दोघं नोकरी करतात, 45,000 आणि 25,000. वर्षाचे झाले 8 लाख 40 हजार. मुंबईत हे अल्प गटात येतात, पण हेच कुटुंब मालेगावात असेल तर मध्यम गटात जाईल.

खालच्या गटातल्या माणसाला वरच्या गटातल्या घरासाठी अर्ज करता येतो. वरच्याला खाली उतरता येत नाही.

"आम्ही तर धंदा करतो, पगारपत्रक कुठून आणू?" हा प्रश्न खूप येतो. आयकर विवरण, म्हणजे आयटी रिटर्न भरलेलं असेल तर ते चालतं. नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालतो. तो सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून निघतो. आकडा खरा सांगा. घरासाठी उत्पन्न कमी दाखवायचं आणि बँकेत कर्जासाठी जास्त दाखवायचं, असं केलं तर दोन्हीकडे अडकाल.

फाईलमध्ये काय असावं

2023 पासून नोंदणी पूर्ण ऑनलाइन आहे, म्हाडाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाईल ॲपवर. पूर्वी कागद सोडतीनंतर तपासले जायचे, आता आधी तपासतात आणि पात्र ठरलेल्याचाच अर्ज सोडतीत जातो. नोंदणीसाठी जाहिरातीची वाट बघायची गरज नाही. आज हे तयार ठेवा:

1. नवरा-बायको दोघांची आधार कार्डं, चालू मोबाईल नंबर जोडलेला.
2. दोघांची पॅन कार्डं, आधारशी जोडलेली.
3. अधिवास प्रमाणपत्र, म्हणजेच डोमिसाईल. जुना पिवळा पडलेला कागद नको, बारकोड असलेलं नवं काढा.
4. उत्पन्नाचा पुरावा, आयटी रिटर्न किंवा तहसीलदारांचा दाखला. बायको कमावत असेल तर तिचाही वेगळा.
5. आरक्षित गटातून अर्ज करायचा असेल तर त्या गटाचं प्रमाणपत्र, जातीच्या बाबतीत वैधता प्रमाणपत्रासह.
6. अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. घर नाही लागलं तर अनामत याच खात्यात परत येते.

यात सगळ्यात जास्त वेळ डोमिसाईलला लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, मतदार यादीतलं नाव, जुनी वीजबिलं असे पुरावे जमवावे लागतात. भाड्याने राहणाऱ्यांचे पत्ते सारखे बदलतात, त्यामुळे जुने करारनामे फेकू नका.

एक माणूस, पाच नावं

आता आपल्या घरांतली खरी अडचण. मी उर्दू आणि मराठी दोन्ही वाचतो, शाळेत रोज दोन्ही भाषांतली नावं लिहितो. उर्दूत 'रहमान' ओळखायला अडचण येत नाही. मराठीत तेच रहमान, रेहमान, रहेमान असं तीन तऱ्हांनी होतं आणि इंग्रजीत त्याच्या आणखी तऱ्हा. 'मोहम्मद' एका कार्डावर पूर्ण, दुसऱ्यावर फक्त चार अक्षरांत, तिसऱ्यावर दोन अक्षरांत. 'शेख' कुठे नावाच्या आधी, कुठे शेवटी. बाईचं नाव दाखल्यावर 'शाहीन अब्दुल करीम', आधारवर 'शाहीन बी' आणि पॅनवर 'शाहीन इम्रान शेख'.

आपल्याला माहीत असतं की ही एकच बाई आहे. संगणकाला माहीत नसतं, आणि कागद तपासणाऱ्या कारकुनाने अंदाज बांधावा अशी अपेक्षाही बरोबर नाही.

यावर उपाय आहे, फक्त क्रम पाळा. आधी एक नाव पक्कं करा. शक्यतो शाळेच्या दाखल्यावरचं धरा, कारण डोमिसाईलला बहुतेक तोच कागद लागतो. मग आधार त्यानुसार दुरुस्त करा, त्यानंतर पॅन आणि शेवटी बँकेचं खातं. फरक मोठा असेल, म्हणजे आडनावच वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. तो एक कागद पुढे पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत सगळीकडे कामाला येतो. हे काम जाहिरात निघाल्यावर सुरू केलं तर मुदत निघून जाते.

आणि हो, पहिलीत मुलाचं नाव घालताना घाई करू नका. जन्मदाखल्यावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिहायला सांगा.

बहिणींसाठी दोन गोष्टी

एक, अर्ज बाईच्या नावानेही करता येतो. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळे अर्ज केले आणि दोघांनाही घर लागलं, तर त्यातलं एकच ठेवता येतं.

दोन, घटस्फोट झालेल्या बाईकडे घटस्फोटाच्या हुकुमाची प्रत मागितली जाते. आपल्याकडे अनेक बहिणींकडे फक्त तलाकनामा किंवा खुलानामा असतो, कोर्टाचा कागद नसतो. अशा बहिणींनी वकिलाचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला आधीच घ्यावा. स्त्रियांना या प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते.

आरक्षणाबद्दलचे गैरसमज

"आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, त्याचा फायदा होईल ना?" म्हाडाच्या सोडतीत ओबीसींसाठी वेगळा कोटा नाही, अल्पसंख्याकांसाठीही नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या जमाती, विमुक्त जमाती, दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, सरकारी कर्मचारी अशा गटांसाठी राखीव घरं असतात. तडवी भिल्ल समाजातले आपले बांधव अनुसूचित जमातीत येतात, छप्परबंद विमुक्त जमातीत. त्यांनी हा हक्क सोडू नये. बाकी आपण सगळे सर्वसाधारण गटात, आणि सर्वात जास्त घरं त्याच गटात असतात.

पैशाचं आधी बोला

2024 च्या मुंबई सोडतीत 2,030 घरं होती आणि अर्ज एक लाखाहून अधिक. म्हणजे एका घरामागे सरासरी 50 च्या वर लोक. तेव्हा अत्यल्प गटाची अनामत 25,000 रुपये होती, अल्प गटाची 50,000. अर्जाचं शुल्क जीएसटीसह 590 रुपये, ते परत मिळत नाही. दुसऱ्या मंडळांचे आकडे वेगळे असतात, जाहिरात बघा.

घर लागलं तर स्वीकृती ऑनलाइन कळवावी लागते. मग देकारपत्र येतं आणि ठरलेल्या मुदतीत किंमत भरायची असते, साधारणपणे आधी 25 टक्के, नंतर उरलेले 75 टक्के. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. एवढी रक्कम बहुतेकांकडे रोख नसते, बँकेच्या कर्जाशिवाय होत नाही. इथे अनेक घरांत व्याजाचा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, आणि घर लागल्यानंतरही काढू नका. फॉर्म भरण्याआधी घरात बसून बोला, ज्यांच्यावर भरवसा आहे त्या आलिमांना विचारा, घरातलं सोनं, गावची जमीन, नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना किती जमेल ते कागदावर मांडा. लागलेलं घर पैशाअभावी परत करायची वेळ आली की फार वाईट वाटतं. घेतलेलं घर 5 वर्षं विकता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

जवळच घर हवं असा हट्ट नसेल, तर कोकण मंडळाच्या "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" योजनेकडेही बघा. विरार-बोळींज, खोणी, शिरढोण इथली न विकली गेलेली घरं या पद्धतीने देण्यात आली आहेत. तिथे सोडतीची वाट बघावी लागत नाही.

दलालाला एक रुपया नको

"साहेबांची ओळख आहे, दोन लाख द्या, घर पक्कं." असं म्हणणारा कितीही दाढी-टोपीवाला, ओळखीतला असला तरी त्याला पैसे देऊ नका. म्हाडाने कुणालाही एजंट नेमलेलं नाही, हे म्हाडा स्वतः वारंवार सांगतं. शंका असेल तर वांद्रे पूर्वच्या गृहनिर्माण भवनात किंवा आपल्या मंडळाच्या कार्यालयात जाऊन विचारा. आपला ओटीपी कुणालाही सांगू नका.

मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांना माझी एक विनंती आहे. जुम्माच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात किंवा शाळेच्या वर्गात महिन्यातून एकदा दोन तास बसा. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांची आधार आणि पॅनवरची नावं जुळवून बघा, डोमिसाईलचा अर्ज भरून द्या. कुणाला घर लागेल ते आपल्या हातात नाही. पण शेजारच्या चाचांचा अर्ज एका चुकीच्या अक्षरामुळे बाद होऊ नये, एवढं नक्की आपल्या हातात आहे.