गाळण-मडके आणि मीठ (लेखांक ७)

गाळण-मडक्याच्या चांदीच्या लेपाचे विवेचन पुढील आठवड्यावर ढकलावे लागत आहे, कारण मालवण किनाऱ्यावरील वाचकांनी त्याहून मूलभूत प्रश्न विचारला आहे: उन्हाळ्यात मचूळ होणारे विहिरीचे पाणी गाळण-मडक्यातून गोडे होऊन उतरेल काय? उत्तर नकारार्थी आहे. परंतु त्यामागचे कारण कळले की मडक्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही एकदम उलगडतात.

मातीत मिसळलेले तूस भट्टीत जळून गेल्यावर भाजलेल्या मातीत उरणारी रंध्रे साधारणतः एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास असतात. अतिसाराचे बहुतेक जिवाणू याच मापाचे असल्याने भिंतीतील वाकड्यातिकड्या वाटेत ते अडकतात; उलट दूषित पाण्यातून कावीळ पसरवणारा हिपॅटायटिस ए हा विषाणू त्याच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असल्यामुळे बराचसा निसटतो, म्हणून साथीच्या दिवसांत गाळलेले पाणीही उकळावे लागते. मिठाची गोष्ट याहून पुढची आहे. पाण्यात विरघळलेले मीठ कणरूपाने उरतच नाही. त्याचे सोडियम व क्लोराइड हे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, रंध्राच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात आणि पाण्याबरोबर सहज पार होतात. पाणी उकळल्यानेही मीठ जात नाही. वाफ निघून गेल्यामुळे उरलेले पाणी किंचित अधिकच खारट होते.

तेव्हा खारेपणाचा उपाय विहिरीतच शोधावा लागतो. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधील देवबागच्या वाळूच्या पट्टीत मुरलेले पावसाचे पाणी, हलके असल्यामुळे, खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असल्याने, गायबेन-हर्झबर्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडे पाणी असेल तर तिच्या खाली सुमारे चाळीस हात गोडे पाणी असते. साहजिकच उपशाने वरची पातळी एक हात उतरली की खालची खारी सीमा, सावकाश का होईना, त्याच चाळीसपट प्रमाणात वर चढू लागते. पंप दिवसभर चालणाऱ्या विहिरीचे पाणी पोहऱ्याने शेंदल्या जाणाऱ्या विहिरीपेक्षा लवकर मचूळ होते, ते यामुळेच.

१६६४ साली कुरटे बेटावर बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी चोहीकडून समुद्र असतानाही गोड्या राहिल्या आहेत. बेट खडकाचे असल्याने वाळूचे गणित तेथे जसेच्या तसे लागू पडत नाही. तरीही त्यांच्या गोडीचे मूळ पावसाच्या पाण्यातच आहे, आणि ती टिकवायची तर उपसा मुरणाऱ्या पाण्याच्या मर्यादेत ठेवावा लागतो. सारांश, मीठ विहिरीत शिरण्याआधीच रोखावे लागते, आणि जिवाणूंचा बंदोबस्त मडके करते. तो अधिक पक्का करणाऱ्या चांदीचा विचार पुढील लेखांकात.